कपाटातला कॅमेरा आणि त्यात अडकलेली दहा वर्षं

(मंडळाच्या श्रावणातल्या बैठकींत, आधी देवासला आणि मग धारला, झालेल्या भाषणाचा मजकूर. दोन्ही ठिकाणी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्या त्या जागी जोडली आहेत.)



मंडळाच्या फोटोंचं काम आम्ही तिघं-चौघं पाहतो. गेल्या वर्षी स्मरणिकेसाठी जुने फोटो मागवले, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. लोकांनी आणून दिलेले फोटो दोन प्रकारचे निघाले. एक तर काळ्या पुठ्ठ्याच्या अल्बममधले, कोपऱ्यांना चिकटवलेले, मागे आजोबांच्या अक्षरात तारीख घातलेले. नाहीतर मोबाईलमधले, अगदी अलीकडचे. मधलं काहीच नाही. साधारण २००३ पासून २०१३ पर्यंतचा गणपती आपल्याकडे बसलाच नव्हता की काय, असं वाटावं!

बसला होता, आणि फोटोही भरपूर काढले होते. त्या वर्षांत आपल्या घरोघरी एक नवी वस्तू आली होती : खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा. अमेरिकेतल्या मुलानं आणलेला, नाहीतर दिवाळीच्या बोनसमधून इंदूरला जाऊन घेतलेला. रोल नाही, धुण्याचा खर्च नाही, म्हणून आपण हात सैल सोडून फोटो काढले. आणि रोल धुवायचाच नव्हता, म्हणून कागदावर छापायचंही राहून गेलं. पुढे मोबाईल आला आणि कॅमेरा कपाटात गेला, तो फोटो पोटात घेऊनच.

२०१० साली जपानी कंपन्यांनी मिळून बारा कोटींच्या आसपास डिजिटल कॅमेरे बाजारात पाठवले. त्यांतले बहुतेक असे छोटेच होते. आज ते प्रमाण अगदी किरकोळ उरलं आहे. म्हणजे एक अख्खं यंत्र आलं आणि दहा-बारा वर्षांत गेलं. आपल्या घरातली किती माणसं नेमक्या त्याच दहा वर्षांत गेली, हे ज्याचं त्यानं आठवून पाहावं. त्यांचे शेवटचे हसरे फोटो, शेवटची आरती, शेवटचं मांडूचं फिरणं कुठे आहे, तर या कॅमेऱ्यांत.

तेव्हा आज बोलायचं आहे ते बंद पडलेल्या कॅमेऱ्याविषयी. पण कॅमेरा सुरू करायचा तो नवे फोटो काढायला नव्हे, आतले बाहेर काढायला, हे आधीच सांगून ठेवतो. नातवंडांना हल्ली या जुन्या कॅमेऱ्यांची हौस वाटू लागली आहे. ती चांगलीच गोष्ट आहे, तिच्याकडे शेवटी येऊ.

काच टिकली, कार्ड टिकेल का?

आपल्या मुलखाला फोटोचं नवल नाही. लाला दीनदयाळ, जे पुढे राजा दीनदयाळ झाले, ते इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे काढण्याची नोकरी करत होते आणि १८७० च्या दशकात तिथेच त्यांनी कॅमेरा हातात धरला. त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. काच उजेडासमोर धरली की चित्र दिसतं, त्याला दुसरं यंत्र लागत नाही. आपल्या धारचे शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके यांनी घडवलेला लोकमान्यांचा पुतळा गिरगाव चौपाटीवर ऊनपाऊस खात उभा आहे, त्यालाही वीज लागत नाही.

डिजिटल फोटोचं तसं नाही. तो पाहायला कार्ड लागतं, ते कार्ड वाचणारं यंत्र लागतं, वीज लागते. कार्डात फोटो असतो तो विजेच्या अतिसूक्ष्म भाराच्या रूपात. हा भार वर्षानुवर्षं पडून राहिला की हळूहळू झिरपतो आणि उष्णतेत जास्त वेगानं झिरपतो. वैशाखात आपल्याकडे पत्र्याखालच्या माळ्यावर काय तापमान असतं, ते सांगायला नको. म्हणून ही घाई आहे. कॅमेरा आणखी दहा वर्षं बंद राहिला तरी बिघडत नाही, पण कार्डातल्या फोटोंना तेवढी सवड नाही.

पहिला नियम : आधी कार्ड, मग कॅमेरा

कपाटातून कॅमेरा काढला की आपला हात आधी बटणाकडे जातो. तो थांबवा. खालचं झाकण उघडा आणि कार्ड बाहेर काढा. बहुतेक कार्डं बोटानं किंचित आत दाबली की टक् करून बाहेर येतात. ओढून काढू नका.

आमच्या माहितीतल्या एका कुटुंबानं कॅमेरा कार्डासकट दुरुस्तीला दिला. दुकानाचं नाव सांगण्याचं कारण नाही, असं कुठेही होऊ शकतं. कॅमेरा दुरुस्त होऊन आला, छान चालू लागला. पण तपासणीच्या वेळी कार्ड कोरं करून टाकलेलं होतं. घरच्यांनी ते न पाहता त्यावर बारशाचे नवे फोटो काढले. जुन्यांपैकी थोडे पुढे मिळाले, बाकीचे गेले ते गेलेच. म्हणून कॅमेरा कुणाच्याही हातात द्यायचा तो कार्ड काढून घेऊनच.

फोटो पाहायला मुळात कॅमेरा चालू असण्याची गरजच नसते. कार्ड सरळ कार्ड रीडरमध्ये घाला. मात्र कार्डाची जात ओळखा. कॅनन, निकॉन, पॅनासॉनिक, कोडॅक यांच्या बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत एसडी कार्ड असतं, ते आजच्याही रीडरमध्ये चालतं. सोनीच्या जुन्या कॅमेऱ्यांत लांबट मेमरी स्टिक असते. ऑलिंपस आणि फुजीच्या त्या काळच्या कॅमेऱ्यांत एक्सडी नावाचं लहान, पातळ कार्ड असतं. या दोहोंसाठी अनेक खाचांचा रीडर लागतो. तो मिळाला नाही तर कॅमेरा त्याच्या स्वतःच्या वायरनं संगणकाला जोडावा. ही वायर आजच्या मोबाईलची नव्हे. काहींना मिनी-यूएसबी लागते, काहींची पिन त्या कंपनीचीच वेगळी असते. जुन्या वायरींचा डबा फेकायच्या आधी एकदा उलथापालथा करून पाहा.

कार्ड घातल्यावर संगणक कधी कधी विचारतो की कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करू का? कॅमेराही हेच विचारतो. सोनीच्या पडद्यावर सी:१३ ने सुरू होणारा आकडा आला तर तीही कार्डाचीच तक्रार. उत्तर एकच : नाही. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. त्याऐवजी कार्डाचे सोनेरी पट्टे कोरड्या मऊ कापडानं हलकेच पुसा, पुन्हा घाला, दुसरा रीडर वापरून पाहा. निम्म्या वेळा एवढ्यावर काम होतं.

‘कार्ड लॉक्ड’ असं दिसलं तर घाबरू नका. एसडी कार्डाच्या कडेला एक इवलीशी सरकपट्टी असते, ती खाली सरकली की कार्डावर नवं काही लिहिता येत नाही. फोटो बाहेर काढताना ती मुद्दाम तशीच ठेवा. जुने फोटो पाहता येतात आणि चुकून काही पुसलंही जात नाही.

थोरली पाती, धाकटी पाती

देवासच्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही. एक गाव, दोन राजे. थोरली पाती आणि धाकटी पाती, दोन दरबार, दोन कारभार, आणि पाहुण्याला पत्ता शोधताना गोंधळ. त्या काळातल्या पुष्कळ कॅमेऱ्यांचं असंच आहे. एक पाती कार्डाची. दुसरी पाती कॅमेऱ्याच्या पोटातच बसवलेल्या छोट्या मेमरीची. कार्ड घातलं की कॅमेरा कार्डातलेच फोटो दाखवतो आणि पोटातले जणू नाहीतच अशी समजूत होते.

कार्ड घरी विसरून कुणी गणपतीला गेलं असेल, तर त्या दिवशीचे दहा-पंधरा फोटो पोटातल्या मेमरीत गेले आणि तिथेच राहिले. देवासच्या एका घरी आम्ही कार्ड काढून कॅमेरा सुरू केला, तर आठ फोटो निघाले. आजी मोदक वळताहेत, आणि मागे त्यांच्या यजमानांची आरामखुर्ची. ते फोटो असल्याचं घरात कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून कार्डातले फोटो उतरवून झाले की कार्ड न घालता एकदा कॅमेरा सुरू करून पाहाच. कॅमेरा चालू करण्याची खरी गरज आहे ती इथे.

कॅमेरा सुरूच होत नाही

शंभरातल्या बहुतेक ‘मेलेल्या’ कॅमेऱ्यांत मेलेली असते ती बॅटरी.

कॅमेरा पेन्सिल सेलवरचा असेल, तर भिंतीवरच्या घड्याळातले साधे सेल काढून त्यात घालू नका. ते घड्याळ वर्षभर चालवतील, पण लेन्स बाहेर ढकलण्याएवढा जोर त्यांच्यात नसतो. लेन्स अर्धी बाहेर येते, पडदा लुकलुकतो आणि सगळं बंद. लोकांना वाटतं कॅमेरा बिघडला. चांगले ताजे अल्कलाईन सेल घाला, किंवा पुन्हा पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राईडचे. जुने सेल आतच गळून पांढरी भुकटी जमली असेल, तर हातमोजे घालून ते काढा. कापसाच्या बोळ्याला व्हिनेगरचा किंवा लिंबाच्या रसाचा थेंब लावून पट्ट्या पुसा, मग कोरड्या करा. अल्कलाईन सेलची गळती क्षारयुक्त असते, तिला आंबट लागतं.

चपटी लिथियम बॅटरी असेल तर तिच्यावरचा क्रमांक वाचा : एनबी-४एल, ईएन-ईएल१०, एनपी-बीजी१, असा काहीतरी असतो. वर्षानुवर्षं रिकामी राहिलेली लिथियम बॅटरी बहुधा परत भरत नाही. चार्जरचा दिवा भराभर लुकलुकतो, तो हेच सांगत असतो. त्याच क्रमांकाची नवी बॅटरी मागवा. मूळ कंपनीची नसली तरी फोटो काढून घेण्यापुरती चालते.

आणि बॅटरी फुगलेली दिसली तर? तिला टोचू नका, दाबू नका, चार्जरला तर मुळीच लावू नका. ती पेट घेऊ शकते. घरच्या कचऱ्यातही टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. कॅमेऱ्यात अडकून बसली असेल तर स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायच्या फंदात पडू नका, जाणकाराकडे न्या.

एक साधी गोष्ट राहते. बॅटरीचं झाकण नीट बसलं नसेल तर कॅमेरा सुरू होतच नाही. झाकणाला एक बारीक नाक असतं, ते आतली कळ दाबतं. नाक तुटलं असेल तर झाकण बोटानं घट्ट दाबून धरा आणि पाहा.

लेन्स अडकली

ही दुसरी मोठी तक्रार. लेन्स बाहेर येते, करकरते आणि पडद्यावर ‘लेन्स एरर’ येतं. जुन्या कॅननवर नुसतं ई१८ येत असे. काही सोनींवर सी:३२ किंवा ई:६१ ने सुरू होणारे आकडे येतात. कारणं तीन : बॅटरी अशक्त असणं, कॅमेरा पडलेला असणं आणि नळीत कचरा जाणं.

आपल्याकडे कचरा म्हणजे गुलाल. विसर्जनाच्या मिरवणुकीत उधळलेला गुलाल लेन्सच्या सरकत्या नळ्यांमध्ये जातो. पावसाच्या दमट हवेत तो घट्ट बसतो आणि वर्षभरानं कॅमेरा उघडला की नळी हलत नाही. मांडूच्या वाटेवरची लाल धूळही असंच करते.

उपाय क्रमानं करा. आधी पूर्ण भरलेली बॅटरी. मग कॅमेरा लेन्स खाली करून धरा आणि रबरी फुग्यानं नळ्यांच्या फटींतून हवा मारा. तोंडानं फुंकू नका, थुंकीचे कण आत जातात. एकदा कोरड्या मऊ ब्रशनं फट साफ करा. मग लेन्स खालीच ठेवून बटण दाबा, म्हणजे नळीला स्वतःचं वजन मदतीला मिळतं. तेल घालू नका, ते काचेवर पसरतं. चिमट्यानं ओढू नका.

आणि हे सगळं जमलं नाही तरी हरकत नाही. पुष्कळ कॅमेऱ्यांत फोटो पाहायचं वेगळं बटण असतं, त्यावर त्रिकोणाची खूण असते. ते बटण काही सेकंद दाबून धरलं की कॅमेरा लेन्स बाहेर न काढताच सुरू होतो. लेन्स बिघडलेली असली तरी पोटातल्या पातीतले फोटो असे पाहता येतात, वायरनं उतरवता येतात.

कॅमेरा मात्र घरी उघडू नका. फ्लॅशसाठी आत जो कपॅसिटर असतो, त्यात तीनशे व्होल्टच्या आसपास दाब साठतो आणि बॅटरी काढल्यावरही तो काही काळ टिकतो. छोटा कॅमेरा म्हणून झटका छोटा बसत नाही.

पडदा काळा, फोटो जांभळे

पडदा काळा दिसतो पण खटका ऐकू येतो, तेव्हा बहुधा पडद्यामागचा दिवा गेलेला असतो. कॅमेरा पिवळ्या पिनेच्या वायरनं जुन्या टीव्हीला जोडून पाहा, चित्र तिथे दिसेल.

नवे फोटो जांभळे, फाटल्यासारखे किंवा पूर्ण काळे येत असतील आणि त्याच पडद्यावर जुने फोटो नीट दिसत असतील, तर दोष पडद्याचा नाही, आतल्या सेन्सरचा आहे. २००५ साली हा प्रकार जगभर गाजला होता. सोनीनं बनवलेले काही सेन्सर उष्ण आणि दमट हवेत निकामी होत होते, आतली जोडणी सुटत होती. तेच सेन्सर इतर अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत बसवलेले असल्यानं सगळ्यांनाच दुरुस्ती जाहीर करावी लागली. ती मुदत कधीच संपली. असा कॅमेरा आता सुधारत नाही, पण त्यानं बिघडण्याआधी काढलेल्या फोटोंना काही झालेलं नसतं. कॅमेरा टाकून द्यायच्या आधी कार्ड आणि पोट दोन्ही तपासा.

पुसलेले फोटो

धारच्या बैठकीत एका काकूंनी विचारलं, “चुकून सगळे डिलीट झाले, आता काय?” पुष्कळदा परत मिळतात, पण अट आहे.

धर्मशाळेची वही डोळ्यांसमोर आणा. खोलीत पाहुणा आहे आणि व्यवस्थापकानं वहीतलं नाव खोडलं. माणूस अजून खोलीतच आहे, फक्त वहीप्रमाणे खोली रिकामी. दुसरा पाहुणा येऊन ती खोली घेईपर्यंत पहिला तिथेच राहतो. कार्डाचं तसंच आहे. डिलीट केलं की वहीतली नोंद जाते, फोटो तिथेच असतो. नवा फोटो काढला की त्याची जागा घेतली जाते. म्हणून फोटो पुसले गेल्याचं लक्षात येताक्षणी कार्ड काढा, सरकपट्टी खाली करा आणि त्यावर एकही नवा फोटो काढू नका. मग फोटोरेकसारखा मोफत प्रोग्रॅम वापरून संगणकावर शोध घेता येतो. सापडलेले फोटो त्याच कार्डावर उतरवायचे नाहीत, संगणकावर उतरवायचे.

चुकलेली तारीख आणि बाप्पांचं पंचांग

स्मरणिकेच्या कामात आम्हाला सगळ्यांत जास्त त्रास झाला तो तारखांचा. बॅटरी संपून कॅमेरा महिनोन्‌महिने पडून राहिला की आतलं घड्याळ पहिल्या दिवसावर जातं. मग प्रतिष्ठापनेच्या फोटोवर १ जानेवारी उमटतं. काहींच्या फोटोंवर तर कोपऱ्यात केशरी अक्षरांत ती तारीख छापलेलीच असते.

पण आपल्याला एक सोय आहे. गणेश चतुर्थी दर वर्षी इंग्रजी तारखेनं सरकते, त्यामुळे ज्या फोटोंवरची तारीख बरोबर आहे त्यांचं वर्ष पक्कं करता येतं. २००५ साली चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, २००६ साली २७ ऑगस्टला, २००७ साली १५ सप्टेंबरला, २००८ साली ३ सप्टेंबरला, २००९ साली २३ ऑगस्टला, २०१० साली ११ सप्टेंबरला, २०११ साली १ सप्टेंबरला, २०१२ साली १९ सप्टेंबरला आणि २०१३ साली ९ सप्टेंबरला. हे टिपून ठेवा. प्रतिष्ठापनेच्या फोटोवर २३ ऑगस्ट असेल आणि वर्ष २००९ असेल, तर ते घड्याळ विश्वासाचं. जुळत नसेल, तर जो फरक पडतो तोच फरक त्या कार्डावरच्या पुढच्या सगळ्या फोटोंना लावा, घड्याळ पुन्हा मागे गेलं नसेल तोवर हिशोब जमतो.

कॅमेरा पुन्हा वापरणार असाल तर भरलेली बॅटरी घालून एक दिवस तसाच ठेवा. घड्याळासाठी आत एक चिमुकला सेल असतो, तो मोठ्या बॅटरीवर भरतो. मग तारीख लावा.

आता नातवंडांसाठी

हे सगळं झालं आणि कॅमेरा चालू निघाला, तर तो मुलांच्या हाती जरूर द्या. चार गोष्टी मात्र सांगा.

आरतीच्या वेळी फोटो हलतो, कारण अंधारात कॅमेरा खटका बराच वेळ उघडा ठेवतो. अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरच्या झांक्या पाहायला गेलात की हेच होतं, दिव्यांच्या रेघा होतात. कोपर अंगाला लावा, खांबाला टेका, किंवा दोन सेकंदांचा टायमर लावा. बटण एकदम दाबू नका. अर्धं दाबून हिरवी चौकट आली की मग पूर्ण दाबा.

फोटोत हवेत पांढरे गोळे दिसतात. कुणी त्याला चमत्कार म्हणतं. तो गुलालाचा किंवा पावसाचा कण असतो, लेन्सच्या अगदी जवळचा, फ्लॅशनं उजळलेला. फ्लॅश बंद करा, चमत्कार थांबेल. तसंही या फ्लॅशचा उजेड तीन-चार मीटरपलीकडे पोचत नाही, त्यामुळे लांबच्या मूर्तीला त्याचा उपयोग नाही.

मखरातल्या एलईडी माळांमुळे फोटोत आडवे पट्टे आले, तर समजा की दिवे आपल्या पन्नास हर्ट्‌झच्या विजेबरोबर लुकलुकताहेत. डोळ्यांना ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. शटरचा वेग हातानं लावता येत असेल तर सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवा.

आणि पाऊस. भाद्रपदात मांडूला गाडीचा एसी लावून जाता आणि उतरताच कॅमेरा काढता, तेव्हा लेन्सवर धुकं येतं. ते पुसत बसू नका. उतरण्याच्या थोडं आधी खिडक्या उघडा, कॅमेऱ्याला बाहेरच्या हवेची सवय होऊ द्या. विसर्जनाला कॅमेरा पाण्यात पडलाच, तर सुरू करून पाहू नका. बॅटरी आणि कार्ड लगेच काढा, बाहेरून पुसा आणि सावलीत पंख्याखाली दोन-तीन दिवस ठेवा. तांदळाच्या डब्यात पुरल्यानं फारसा फायदा होत नाही, उलट कणी आत जाते. पावसाळ्यात एरवीही कॅमेरा चामड्याच्या पाकिटात न ठेवता सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर लेन्सवर बुरशीची जाळी चढते.

फोटो निघाले, पुढे काय?

बाहेर काढलेले फोटो एकाच ठिकाणी ठेवले तर तेच संकट दहा वर्षांनी पुन्हा येईल. किमान दोन प्रती ठेवा, दोन वेगळ्या घरांत. एक धारला असेल तर दुसरी पुण्याला किंवा अमेरिकेतल्या मुलाकडे. जुन्या सीडीवर भरवसा नको, तिच्यातला रंगाचा थर उजेडानं आणि उष्णतेनं फिका होतो. सीडीवर काही असेल तर तेही आत्ताच उतरवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत ही जपायची प्रत नव्हे, तिथे फोटो लहान होऊन जातो.

आणि प्रत्येक वर्षाचे निदान दहा फोटो कागदावर छापा. मागे मऊ पेन्सिलीनं नावं लिहा : डावीकडून कोण, कुठल्या वाड्यात, कुणाकडचा गणपती. छापील फोटोची जुनी रीत आपले आजी-आजोबा पाळत होते, ती डिजिटलच्या नादात सुटली. फोटो कार्डातून काढणं हे काम कुठलाही शाळकरी मुलगा करील. फोटोतली माणसं ओळखणं हे काम ऐंशीच्या पुढची माणसंच करू शकतात आणि ती दर वर्षी कमी होताहेत. टेकडीच्या पायथ्याचा एखादा पाडलेला वाडा, त्याच्या ओसरीवर बसलेली बारा माणसं, त्यांतल्या सात जणांची नावं आज कुणालातरी ठाऊक आहेत. पुढच्या उत्सवात पाचच असतील.

म्हणून एक विनंती आहे. उत्सवाच्या दिवसांत दुपारच्या वेळी मंडपाच्या बाजूला आम्ही टेबल मांडून बसणार आहोत. सगळ्या जातींचे रीडर, चार-पाच प्रकारच्या वायरी आणि दोन लॅपटॉप तिथे असतील. आपला कॅमेरा आणा, चार्जर असेल तर तोही आणा. बंद असला तरी आणा. आपल्या देखत फोटो उतरवू, कार्ड आपल्या हाती परत देऊ. मंडळाच्या संग्रहासाठी फोटो द्यायचे की नाही, हे आपण ठरवायचं. मात्र येताना एकटे येऊ नका. घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाला बरोबर आणा आणि सगळ्यांत धाकट्यालाही. एकानं नावं सांगायची, दुसऱ्यानं लिहून घ्यायची.

गणपती बाप्पा मोरया!